पाकशाळेतील पदवी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे शिक्षक होण्यापुरते शिक्षण घेतले आणि सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना पाढे व बाराखडी शिकविण्यात माझा सारा काळ गेला. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. अशा माणसाने महाविद्यालयीन शिक्षणाविषयी बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या हातून घडलेल्या एका चुकीशी या विषयाचा संबंध आहे, आणि ती चूक जेथे घडली त्याच मंडळासमोर ती सांगावी, अशी माझी इच्छा आहे.

सन २०१७ सालची गोष्ट. नोकरीतून निवृत्त होऊन मी पुण्यास आलो होतो आणि मंडळाने मला शिष्यवृत्ती समितीवर घेतले होते. त्या वर्षीच्या अर्जांत एक अर्ज निराळा होता. मुलगा बारावीस ६८ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झालेला, वडील हयात नाहीत, आई सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी खानावळ चालविते व डबे देते. मुलास मुंबईच्या संस्थेत हॉटेल व भोजनव्यवस्थापनाच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. आपल्या नियमात शब्द आहेत, 'उच्च अथवा तांत्रिक शिक्षण'. समितीतील एका गृहस्थांनी विचारले, "स्वयंपाकाला पदवी कशाला हवी?" त्यावर मी म्हणालो, "आईच्या हाताखाली फुकट शिकेल की! मंडळाचा पैसा पोळ्या लाटण्यासाठी नाही." सगळे हसले, अर्ज नामंजूर झाला आणि आम्ही पुढच्या अर्जाकडे वळलो. त्या दिवशी समितीपुढे आलेले पोहे त्याच बाईंच्या घरून आले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले.

आम्ही हसलो ते का? विचार केला, तर त्याचे मूळ बरेच खोल आहे. अन्नास आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ते शिजविणाऱ्यास मात्र 'आचारी' म्हणून लग्नघराच्या मागल्या दाराने आत घेतो. भीमाने विराटाच्या घरी बल्लव होऊन पाकशाळा सांभाळली, नळराजा बाहुक होऊन ऋतुपर्णाकडे राहिला आणि त्याच्या हातच्या अन्नाची चव घेऊनच दमयंतीने त्यास ओळखले, हे आपण कीर्तनात आवडीने ऐकतो. पण भीम बल्लव झाला तो अज्ञातवासात, म्हणजे कोणास कळू नये अशा काळात; आणि आपल्या मंडळींनी त्या कथेतून नेमका तेवढाच भाग घेतलेला दिसतो! त्या मुलाच्या काकांची हरकत याहून तीव्र होती. वाढण्याच्या वर्गात दुसऱ्यांची उष्टी ताटे उचलावी लागतात, हे त्यांच्या कानी आले होते. आमच्या घराण्यात कोणी उष्टी काढली नाहीत, असे ते म्हणाले. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात प्रत्यक्ष श्रीकृष्णाने उष्टी काढली, ही कथा त्यांनी ऐकली नव्हती असे नाही. आणि त्यांच्या घराण्यातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या काय केले, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही आला नाही.

मुलगा शेवटी गेला. आईने दोन बांगड्या मोडल्या आणि एका पतपेढीचे कर्ज काढले. सन २०१८ च्या हिवाळ्यात मला काही कामासाठी मुंबईस जावयाचे होते. त्या बाई वाटेत भेटल्या, म्हणाल्या, "गुरुजी, दादरलाच उतरणार ना? माझ्या मुलाला एवढा फराळाचा डबा द्याल?" नाही म्हणण्यास तोंड नव्हते. डेक्कन क्वीनने निघालो. या गाडीस भोजनयान आहे, आणि गाडी घाट उतरत असता हातातील चहाचे तबक न हिंदळता चालणारा वाढपी मी त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन पाहिला. यापूर्वी त्या गाडीने अनेकदा गेलो होतो; त्याच्या पायांकडे कधी पाहिले नव्हते.

दादरच्या त्या संस्थेचा इतिहास आपल्यास ठाऊक असावा असा आहे. देशात अन्नधान्याची टंचाई होती त्या काळात लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ साली ती स्थापन केली. आरंभी ती अंधेरीस होती, पुढे दादरला आली. म्हणजे या विषयाचे देशातील पहिले महाविद्यालय श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठी निघालेले नव्हते. आहे त्या अन्नात अनेकांस नीट कसे जेवू घालावे, या चिंतेतून, आणि तेही स्त्रियांच्या संघटनेने, ते काढले. पुढे १९८२ साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत या शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. कोणत्याही शाखेतून इंग्रजी विषयासह बारावी झालेल्या मुलामुलींस अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देऊन तिच्या संस्थांत जाता येते. गोव्यात पर्वरी येथे अशीच संस्था आहे. याखेरीज विद्यापीठांचा चार वर्षांचा पदवीक्रम आहे व त्यासाठी राज्याची निराळी प्रवेश परीक्षा असते. दहावीनंतर थांबावे लागलेल्या मुलांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही अन्न-उत्पादनाचा अभ्यासक्रम आहे.

संस्थेच्या परवानगीने मी मुलाबरोबर पाकशाळेत गेलो. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात दुहेरी पदराचा पांढरा कोट, पायांत बंद काळे जोडे. कोटास दोन पदर का, असे मी विचारले. तो म्हणाला, "वरच्या पदरावर डाग पडला, तर पदर उलटा घालून लगेच पाहुण्यांसमोर जाता येते, आणि वाफेपासून छातीचेही रक्षण होते." भाज्या चिरण्याच्या फळ्या रंगीत होत्या : कच्च्या मांसासाठी तांबडी, माशांसाठी निळी, कोशिंबिरीच्या भाज्यांसाठी हिरवी. एका पदार्थातील जंतू दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ही योजना. मला आमच्या आजीच्या सोवळ्याची आठवण झाली आणि हसू आले. तिच्याही मनात कशाला काय लागले याचाच विचार असे. मात्र तिच्या नियमाचे कारण कोणी विचारू शकत नसे, आणि येथे प्रत्येक नियमाचे कारण परीक्षेत लिहावे लागते.

त्या दिवशी त्यांच्या वर्गात भाताविषयी शिकवीत होते, आणि ते ऐकताना मी पुरता अस्वस्थ झालो. तांदळात एक जंतू असतो, त्यास बॅसिलस सिरियस म्हणतात. भात शिजविला तरी त्याची बीजे मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, जंतू वाढतात व विष तयार करतात. आणि एकदा तयार झालेले हे विष पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. यास्तव शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम तरी ठेवावे, नाहीतर लवकर निववून ५ अंशांच्या खाली थंड तरी करावे. मधला पल्ला धोक्याचा. मोठ्या पातेल्यातील अन्न मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते, म्हणून ते उथळ परातींत पसरून निववावे.

मी अस्वस्थ का झालो ते सांगतो. आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी होत असे. दर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, अशी नोंद माझ्याच हातची असे. एका उन्हाळ्यात कोणी अधिकारी येणार म्हणून खिचडी सकाळी नऊपूर्वीच तयार करविली. अधिकारी आले दोन वाजता. तोवर मुले थांबली आणि खिचडी झाकून ठेवलेल्या मोठ्या पातेल्यात थांबली. त्या दुपारी एकोणीस मुलांना उलट्या झाल्या. देवाच्या दयेने संध्याकाळपर्यंत सर्व मुले बरी झाली. मी मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईंस सर्वांदेखत बोललो, तुमचे हात स्वच्छ नव्हते, असे म्हणालो. ती बिचारी काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात काम सोडून गेली. त्या दिवशी नक्की काय झाले, याची तपासणी कोणी केली नाही, म्हणून मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दादरच्या त्या वर्गातील बाकावर बसून मला कळले की दोष तिच्या हातांपेक्षा आमच्या पाच तासांचा असणेच अधिक संभवनीय आहे. ज्यास मी 'पोळ्या लाटण्याचे शिक्षण' म्हटले, त्यातील एक तास जरी मला पूर्वी मिळाला असता, तर ते पातेले मी तसे झाकून ठेवू दिले नसते.

भगिनींनो, आपणांपैकी ज्या घरून डबे अथवा फराळ विकतात त्यांना येथेच सांगून ठेवतो की, २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली अशा घरगुती उद्योगासही नोंदणी आवश्यक आहे. ती न करता व्यवसाय चालविणाऱ्या भगिनी आपल्यात आहेत, हे मला ठाऊक आहे.

आता गणिताकडे वळतो, कारण माझा जीव तेथेच रमला. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तो मुलगा घरी आला, तेव्हा आईच्या खानावळीचा हिशेब मांडून आणण्याचे काम त्यास अभ्यास म्हणून दिलेले होते. आकडे पडताळण्यासाठी त्याने मला बोलाविले. आमच्या नफा-तोट्याच्या गणितात माल घेतला आणि विकला, एवढेच असते. येथे निराळीच खोली होती. समजा, फ्लॉवर ४० रुपये किलोने १० किलो घेतला; ४०० रुपये झाले. पाने व दांडे काढल्यावर ६ किलो उरला. म्हणजे कढईत पडणारा फ्लॉवर ४० रुपयांचा नसून ६६ रुपये ६७ पैसे किलोचा आहे. प्रत्येक भाजीचा असा 'उतारा' काढावयाचा. नंतर प्रत्येक पदार्थाचा तक्ता : इतक्या माणसांस इतके ग्रॅम, या मापाची पळी, एका पळीत इतके माप. 'रुचिरा' या पुस्तकाने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघरी नेले, हे आपल्या भगिनी जाणतातच. हे त्याच्याच पुढचे पाऊल, वाटीच्या जागी तराजू.

डब्याची किंमत तेव्हा ६० रुपये होती. किराणा व भाजी ३३, गॅस ६, मदतीची बाई ९, डबे पोचविणारा ८, जागेचे भाडे, वीज व पाणी मिळून ५. बेरीज ६१. मी ती तीन वेळा केली. त्या माउलीने पहाटे चारला उठून केलेल्या कष्टाचा एक पैसाही न धरता प्रत्येक डब्यामागे एक रुपया तोटा होता; आणि तो दिवाळीचा फराळ व सणांच्या पुरणपोळ्या यांच्या मिळकतीतून नकळत भरून निघत होता. त्या म्हणाल्या, "महिनाअखेर हाती काही उरत नाही, हे कळत होते, मला वाटे, माझ्याच हाताला बरकत नाही." इतकी वर्षे ही बाई स्वतःच्या हातास दोष देत होती!

मुलाने डब्यातील अन्न कमी केले नाही. महाग दिवसांतील भाज्या बदलल्या, वाढण्याची पळी ठरवून दिली, उरणाऱ्या भाताची नोंद ठेवून तांदूळ बेताने टाकण्यास शिकविले आणि किंमत ७० रुपये केली. आठ-दहा गिऱ्हाइके गेली, बाकीची राहिली.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या हजारो कामगारांस खानावळवाल्या बायकांनीच जेवू घातले. त्यांच्या हातास चव होती, अंगात कष्ट होते. पण त्या किराणावाल्याच्या व सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांतील अनेकींची सुटका झाली. आपल्या ज्ञातीतील किती विधवांनी असेच डबे देऊन मुले शिकविली, हे या सभागृहात बसलेल्यांस मी सांगावयास नको. ती मुले आज अभियंते झाली आहेत. आई काय करीत असे, असे विचारले तर "घरीच असे" म्हणतात.

इतके सांगून मी पालकांस या शिक्षणाकडे डोळे मिटून धाडू इच्छित नाही. हा व्यवसाय शरीरास कठीण आहे. आठ-दहा तास उभे राहणे, चुलीची धग, आणि पुष्कळ ठिकाणी दुपारची पाळी संपवून संध्याकाळी पुन्हा हजर होणे. लोकांचा सण तो यांचा कामाचा दिवस. गणपतीत व दिवाळीत मुलगा घरी येईलच असे धरू नये. आरंभीचा पगार पाहून अनेकांची निराशा होते आणि कित्येक मुले काही वर्षांत दुसरीकडे वळतात. दूरचित्रवाणीवरील हसतमुख बल्लवाचार्य पाहून या मार्गास लागणाऱ्या मुलास आधी महिनाभर एखाद्या खऱ्या भटारखान्यात भांडी घासण्यास पाठवावे, असे माझे मत आहे. तरीही तो जातो म्हणाला, तर त्यास अडवू नये.

शाकाहारी कुटुंबांची अडचणही खरी आहे. पाकशाळेत मांस-मासे हाताळावे लागतात, मद्यांची नावे व ती देण्याची रीत शिकावी लागते. काही संस्थांनी अलीकडे केवळ शाकाहारी पाकाचा पर्याय ठेवला आहे, पण सर्वत्र तो नाही. यास्तव प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे आणि घरात त्याविषयी मोकळेपणी बोलावे. मुलाने चोरून शिकावे व बापाने न कळल्यासारखे करावे, हे दोघांसही शोभत नाही.

सर्वांत मोठा धोका फसवणुकीचा. आपल्याच एका सभासदांनी कन्येस एका खासगी संस्थेत घातले. नाव मी घेत नाही. गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक, परदेशी नोकरीची हमी, दोन लाखांवर शुल्क. पाकशाळेत साठ विद्यार्थ्यांमागे दोन शेगड्या! मुली भिंतीशी उभ्या राहून शिक्षकांचे हात पाहत. वर्षअखेर जे प्रमाणपत्र मिळाले त्यावर कोणत्याही विद्यापीठाचे अथवा शासनमान्य परिषदेचे नाव नव्हते. म्हणून पदवी कोण देणार, हे आधी लेखी विचारावे. संस्था सुट्टीच्या दिवशी पाहू नये. कामाच्या दिवशी, सकाळी, पाकशाळा चालू असता पाहावी. शेगड्या मोजाव्यात. मुलांचे कोट डागाळलेले आहेत की कोरे, ते पाहावे. कोरे असतील तर परत फिरावे. मागील वर्षीचे विद्यार्थी प्रत्यक्ष अनुभवासाठी कोणकोणत्या हॉटेलांत गेले होते, ते त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.

आपल्या त्या मुलाची कथा सरळ सुखाची झाली नाही. त्याचे शेवटचे सत्र चालू असता मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. एका मोठ्या हॉटेलात त्याची निवड झाली होती, ती त्यांनी रद्द केली. तिकडे स्पर्धा परीक्षांची मुले गावोगावी निघून गेली आणि आईची खानावळ बंद पडली. महाराष्ट्रातील उपाहारगृहांत बसून जेवण्यास ५ ऑक्टोबर २०२० पासून, तेही निम्म्या आसनांवर, पुन्हा परवानगी मिळाली. त्या मधल्या महिन्यांत मायलेकांनी आजारी माणसांच्या घरी डबे पोचविले. मी व माझी पत्नी आजारी पडलो तेव्हा अकरा दिवस आमच्या दारातील खुर्चीवर त्यांचा डबा येत असे. त्यावर चिठ्ठी असे : किती वाजता शिजविले आणि किती वाजेपर्यंत खावे. ज्या समितीने त्यास नाकारले तिच्यात मी होतो, हे त्यास ठाऊक होते. पैसे देऊ लागलो तेव्हा त्याने ठरलेली किंमत तेवढी घेतली. एक रुपया कमी नाही की जास्त नाही.

आज तो चाकणच्या एका कारखान्याचे उपाहारगृह सांभाळतो. रोज सुमारे दोन हजार ताटे होतात. हॉटेल एवढेच या पदवीचे ठिकाण नव्हे. रुग्णालये, वसतिगृहे, रेल्वे, विमानसेवा, कारखाने, सर्वत्र माणसांस जेवावे लागते. तो या सभागृहात आहे, आणि त्याची व त्याच्या मातोश्रींची अनुमती घेऊनच मी हे सर्व बोललो.

आता एवढेच निवेदन करावयाचे आहे. शिष्यवृत्तीच्या नियमातील 'उच्च अथवा तांत्रिक शिक्षण' या शब्दांपुढे 'भोजन व उपाहारगृह व्यवस्थापनाच्या मान्यताप्राप्त शिक्षणासह' हे शब्द घालावेत, अशी दुरुस्ती मी चिटणिसांकडे लेखी दिली आहे. आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत ती विषय क्रमांक सात म्हणून येईल. २०१७ साली नाकारलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम बारा हजार रुपये होती. तेवढी रक्कम मी निवृत्तिवेतनातून काल कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. दुरुस्ती संमत झाल्यास या वर्षीचे अर्ज ३१ जुलैपर्यंत स्वीकारावेत, अशी समितीस विनंती आहे. एका मुलीचा अर्ज माझ्या पिशवीत तयार आहे.